काही आढळले नाही

माझ्या धाकट्या भावाच्या पोटात काय आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो, दुसरी मी. तो जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून भाजी निवडताना, रिक्षात बसल्यावर, बँकेच्या रांगेत, काही कारण नसताना ती स्लाइड माझ्या डोळ्यांपुढे येते आणि तिच्यातलं ते सुतासारखं काहीतरी वळवळायला लागतं. मी डोळे मिटून घेते. मिटल्यावर तर जास्तच स्पष्ट दिसतं.

सांगायचं तर सगळं सांगायला हवं, आणि सगळ्याची सुरुवात माणसाच्या शौचापासून होते. नाक मुरडणाऱ्यांनी इथेच थांबावं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. रोज सकाळी माझ्यापुढे डब्यांची रांग लागायची. आम्ही प्लास्टिकची डबी देत असू, तरी लोक आपल्या मनाने काय वाट्टेल त्यातून घेऊन यायचे. काडेपेटी, औषधाची बाटली, तंबाखूची डबी. एका बाईंनी तर श्रीखंडाच्या डब्यातून आणलं होतं, वरचं लेबल तसंच. त्यानंतर वर्षभर माझ्या घशाखाली श्रीखंड उतरलं नाही. डबा देताना कुणी माझ्याकडे बघायचं नाही. मोठमोठे मिशीवाले बागायतदार खाली मान घालून उभे राहायचे. मी मुद्दाम मोठ्याने विचारायचे, "पातळ का घट्ट?" माझा स्वभाव मुळातच खवचट.

काम सोपं होतं. काडीच्या टोकावर एवढंसं घ्यायचं, काचेवर सलाइनच्या थेंबात कालवायचं, वर पातळ काच ठेवायची आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. त्या काळात अगदी मोकळी स्लाइड क्वचित दिसायची. खेड्यातला शेतकरी असो, पूर्व भागातला मागावरचा विणकर असो, नाहीतर नवी पेठेतला सराफ, प्रत्येकाच्या पोटात कुणी ना कुणी बिऱ्हाड करून असायचंच. अमिबाच्या गोल गाठी, जंतांची अंडी, आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असे गरीब जीव तर कितीतरी.

लॅबचे मालक डॉक्टर, त्यांना आम्ही साहेब म्हणायचो. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "दिसेल ते सगळं लिहायचं नाही. जे त्रास देत नाही ते लिहिलं की पेशंट घाबरतो, आणि बाहेरचा डॉक्टर उगाच औषधं देत बसतो." म्हणून असले गरीब जीव दिसले तरी आम्ही रिपोर्टवर 'काही आढळले नाही' असंच लिहायचो. ही आमच्या कामाची रीत होती. तिच्यात खोटेपणा आहे असं मला कधी वाटलं नाही. पण न लिहायचीसुद्धा हाताला सवय लागते, हे मला फार उशिरा कळलं.

साहेबांना शिकवायची भारी हौस. चहा पिता पिता एकदा त्यांनी सांगितलं की थंड देशातल्या माणसाचं आतडं आतून बघितलं तर अस्तरावर बोटांसारखी उंच, सडपातळ टोकं दिसतात. आपल्या धडधाकट माणसाचं बघितलं तर तीच टोकं बुटकी आणि पसरट. तिकडच्या पुस्तकाने मोजलं तर आपल्यातली निम्मी माणसं आजारी निघतील. "आणि गंमत बघा," साहेब म्हणाले, "तिकडचा माणूस इकडे येऊन राहिला, इकडचं पाणी प्यायला, की त्याचीही टोकं बुटकी होतात. परत घरी गेला की हळूहळू पुन्हा वाढतात." मला हे इतकं आवडलं की घरी येऊन मी भावाला सांगितलं. तो भाकरी मोडत होता. म्हणाला, "म्हंजी आतड्याला बी कळतंय की, आपुन कुटं हाय ते."

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. आमचं गाव करकंब. मी लॅबचा कोर्स करायला सोलापूरला आले ती इथेच राहिले. लग्न केलं नाही, त्याची कारणं वेगळी आहेत आणि ती कंटाळवाणी आहेत. बारावीनंतर तो इंजिनिअरिंगला माझ्याकडे आला आणि माझ्या दोन खोल्यांत, माझ्या हातची कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन शिकला. त्याला हे दोन पदार्थ दिले की तो काहीच मागायचा नाही. सुट्टी लागली की मात्र गावी पळायचा. रानात उसाला पाणी धरायचं काम त्याचं आवडतं. चप्पल चिखलात रुतते, म्हणून ती बांधावर काढून ठेवायची आणि अनवाणी सरीत उतरायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. त्याच रानाच्या कडेला सगळी आळी सकाळी टमरेल घेऊन यायची. त्या ओल्या मातीतून तळपायात काय शिरतं ते मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी पुढे पुस्तकात वाचलं, परीक्षेत लिहिलं, चांगले मार्कही मिळवले. भावाला कधी म्हटलं नाही की बाबा, पायात काहीतरी घाल.

पुढे त्याला पुण्यात नोकरी लागली आणि चार-पाच वर्षांनी कंपनीने त्याला कॅनडाला पाठवायचं ठरवलं. जाण्याआधी तपासण्यांची भली मोठी यादी होती. त्या सगळ्या पुण्यात झाल्या, फक्त शौचाची तेवढी राहिली, कारण तिथल्या लॅबमधल्या पोरीच्या हातात डबी द्यायची याला लाज वाटली. आठ दिवसांवर विमान आणि हा भर मे महिन्यात ती एक डबी घेऊन माझ्या लॅबमध्ये हजर. मी त्याला म्हटलं, "मला बरी लाज वाटत नाही तुझी." तो दात काढत स्टुलावर बसला.

मी सवयीने स्लाइड केली, सवयीने डोळा लावला. आणि एका कडेला ते दिसलं. बारीक, पारदर्शक, जिवंत, स्वतःभोवती वळणारं. मी काच सरकवली. आणखी एक. पुढे आणखी एक.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा याच जागी आहे. आपल्याकडे सर्रास दिसतो तो आकडी जंत. त्याची अंडी पडतात, अळ्या दिसत नाहीत. पण उन्हाळ्यात डबी तशीच तासन्‌तास राहिली तर त्या अंड्यांतून अळ्या बाहेर येतात आणि नवख्या माणसाला फसवतात. दुसरा एक जंत असतो, तो अळीच्या रूपातच बाहेर पडतो. हा दुसरा वाईट. आकडी जंत चार-सहा वर्षांत म्हातारा होऊन मरतो. हा मरत नाही. माणसाच्या आतड्यातच त्याची नवी पिढी तयार होते आणि पुन्हा त्याच माणसाच्या अंगात शिरते. चिखल सुटला, गाव सुटलं, देश सुटला तरी तो सुटत नाही. दोघांच्या अळ्या सारख्याच दिसतात, फरक एवढाच की आकडी जंताच्या अळीचं तोंड लांब, या दुसऱ्याच्या अळीचं आखूड.

मी भिंग वाढवून बघितलं. तोंड आखूड होतं.

भावालाही बघायचं होतं. मी बाजूला झाले. एक डोळा मिटून तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्ये माझ्यात हाय व्हय? लई चपळ हाय की."

"गप बस. याचं औषध करावं लागेल. मी लिहिते आणि साहेबांना दाखवते."

त्याचं हसू गेलं. "लिव्हू नगं, आक्का. आठ दिवसांवर विमान हाय. ह्ये बघितलं की म्हनतील औषध घ्या, परत तपासा, पुढल्या बारीला बघू. माझ्या जागी जायला तितं दोघं टपून बसल्यात."

"अरे, पण..."

"तुमी तसं बी सगळं कुटं लिवता? तूच सांगतीस की."

माझंच बोलणं त्याने मला ऐकवलं. मी पुन्हा डोळा लावला आणि आता माझ्या डोळ्याला वेगळं दिसायला लागलं. मे महिना आहे, मी मनात म्हटलं. डबी उन्हातून आलीय. आकडी जंताचीच अंडी फुटली असतील. खरं तर डबी माझ्याच घरातून, वीस मिनिटांत, रिक्षाने आली होती. वीस मिनिटांत सोलापूरचं ऊनसुद्धा अंडी फोडत नाही. ते मला तेव्हाही माहीत होतं.

साहेब सकाळी तासभर येऊन कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्यावर सह्या करून जायचे. मी वरचा एक फॉर्म ओढला, 'काही आढळले नाही' असं इंग्रजीत लिहिलं आणि खाली तपासणाऱ्याच्या जागी माझी सही केली. खालच्या मेडिकलमधून जंताच्या गोळ्या आणून त्याला माझ्यासमोर एक खायला लावली, एक बरोबर दिली. ती गोळी आकडी जंतावर चांगली चालते. या दुसऱ्यावर तिचा भरवसा नाही. "तिकडे पोचलास की महिन्याने परत तपासून घे," मी म्हटलं. "व्हय व्हय," तो म्हणाला. कागद घडी करून त्याने फाइलमध्ये ठेवला आणि मला नवी पेठेत नेऊन साडी घेऊन दिली. ती साडी मी हौसेने किती वेळा नेसले असेन.

पुढे तो तिकडचाच झाला. पुण्याच्या एका शिकलेल्या, हुशार मुलीशी लग्न केलं, मुलगी झाली. मुलगी तिकडच्या बर्फात जन्मली, उकळलेल्या बाटल्यांचं दूध प्यायली. वर्षाची झाली तशी कळलं की तिला शेंगदाणा चालत नाही. नुसता चालत नाही असं नाही, एक दाणा पोटात गेला तर श्वास कोंडतो. फोनवर हे ऐकून मी आधी हसले, मग रडले. सोलापूरच्या रक्ताला शेंगा चालू नयेत! भाऊ म्हणाला, तिकडच्या पोरांत असलं फार. तिथले डॉक्टर म्हणतात, लहानपणी पोटाला कुणाशी भांडायला मिळालं नाही की ते मग दाण्याशी, दुधाशी, कशाशीही भांडत बसतं. मी म्हटलं, "पाठव इकडे, चार दिवस करकंबच्या मातीत लोळवते." दोघेही हसलो.

करोनाच्या आधीच्या वर्षी तिघे आले तेव्हा मी घरातला शेंगदाण्याचा डबा, कूट, चटणी, सगळं शेजारी नेऊन ठेवलं आणि सगळी भांडी दोनदा घासली. भावजयीचा हट्ट होता की मुलीला बापाचं गाव दाखवायचं. म्हणून सगळे करकंबला गेलो. भावाने बांधावर बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सहा वर्षांच्या लेकीला हाताला धरून सरीतल्या पाण्यात उतरला. ती किंचाळत होती, तो हसत होता. भावजय मोबाइलवर फोटो काढत होती.

परत आल्यावर मुलीचं पोट बिघडलं, तेही चौथ्याच दिवशी. मी तिची डबी लॅबमध्ये नेऊन बघितली. इतकी मोकळी स्लाइड मी तोवर बघितली नव्हती. जंतू सोडा, गरीब जीवसुद्धा एक नाही. मला त्या पोरीचं उगाचच वाईट वाटलं, एवढ्या मोठ्या घरात एकटीच राहत असल्यासारखं. घरी येऊन सांगितलं तेव्हा भाऊ चहा पीत होता. "माझी बी बघतीस का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "तुझं काय बघायचं? घोड्यासारखा धडधाकट तू."

तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला. मला वाटतं त्याच्या मनात ते आलं होतं. माझ्याही आलं होतं, पण मुलीचं सलाइन, भावजयीची घाबरगुंडी, परतीची तिकिटं, त्यात ते मागे पडलं. मुद्दामच मागे पडू दिलं असेल. असल्या गोष्टीत माणूस स्वतःलाही धड ओळखत नाही.

चार वर्षांनी हिवाळ्यात त्याचा फोन आला. महिनाभर पोटात आग, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतंय, रक्त पडतंय. तिथे दुर्बीण घालून आतडं बघितलं, सगळं लाल झालेलं. त्याच्या आवाजात अशक्तपणा होता, पण बोलायची तऱ्हा तीच. "कोलायटिस म्हनत्यात, आक्का. ह्यो गोऱ्यांचा रोग हाय म्हनं. आपल्याकडं कमी असतोय. आता मला सिटिझन झाल्यागत वाटतंय बघ."

"औषध काय देतायत?"

"स्टेरॉइड. मोठा डोस हाय."

तो शब्द ऐकला आणि कोर्सला असताना एका बाईंनी वर्गात सांगितलेलं एक वाक्य मला शब्दशः आठवलं. हा दुसरा जंत पोटात असताना स्टेरॉइड दिलं तर अंगाचा पहारा उठतो, अळ्या हजारोंनी वाढतात आणि आतड्यातले जंतू अंगाला लावून घेऊन रक्तात, फुप्फुसात शिरतात. मग माणूस वाचत नाही. आणि त्या जंताने लाल झालेलं आतडं वरून कोलायटिससारखंच दिसतं. थंड देशातला डॉक्टर आपल्या माणसांत रोज दिसणारा रोगच आधी ओळखणार.

"ऐक," मी म्हटलं, "जंताचं बोललास का त्यांच्याशी? मागचं?"

तो म्हणाला, "विचारलं त्यांनी. झालं ते. तू काळजी करू नगं."

विचारलं, झालं. मी त्याचा अर्थ मला हवा तसा लावला. त्याने सांगितलं, त्यांनी तपासलं, निघालं नाही. सोळा वर्षांपूर्वी दिलेल्या गोळीने काम केलं म्हणायचं. मी त्याला ताक पी म्हणून सांगितलं. ताक!

तीन आठवड्यांनी तो अतिदक्षता विभागात होता आणि त्यानंतर पाचव्या दिवशी तो गेल्याचा भावजयीचा फोन आला. ती रडत नव्हती, एकेक शब्द सुटा सुटा बोलत होती. शेवटी छातीतून काढलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या, म्हणाली. "अळ्या, आक्का. जिवंत. कुठून आल्या?" मी फोन ठेवून दिला. तिला वाटलं मला धक्का बसला.

त्या जंतावर चालणारी गोळी अगदी साधी. करोनाच्या काळात आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी ती कुणी सांगितली म्हणून, कुणी दिली म्हणून खाल्ली होती. माझ्या कपाटात तिची अर्धी पट्टी अजून पडलेली होती. सगळ्या गावाने नको असताना खाल्ली आणि ज्याला हवी होती त्याला मिळाली नाही. ती पट्टी मी फेकायला उचलते आणि परत ठेवते.

मी देवभोळी नाही. भूतखेत मानत नाही. पण भाऊ घरात असतो. दुपारी पंखा चालू असताना मागच्या खोलीत स्टूल सरकल्याचा आवाज येतो आणि मला ठाऊक असतं की तो एक डोळा मिटून कशावर तरी वाकला आहे. मी जात नाही बघायला. उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगते, तिच्यात कापसाचा एखादा तंतू वळला तरी मी तो आखूड आहे का लांब ते बघायला लागते. भाकरीचं पीठ मळताना 'लिव्हू नगं, आक्का' असं अगदी कानाशी ऐकू येतं. त्यात राग नसतो, तो रागावला असता तर बरं झालं असतं.

गेल्या जानेवारीत भावजय मुलीला घेऊन आली. मुलगी आता अकरा वर्षांची, बापासारखीच कपाळाची ठेवण. दुपारी जेवण करून ती आतल्या खोलीत झोपली आणि आम्ही दोघी बाहेर बसलो. भावजय खूप वाळली होती. बोलता बोलता म्हणाली, तिने गेल्या वर्षभरात मुलीची तीन वेळा तपासणी करून घेतली. डॉक्टर आता तिलाच समुपदेशनाला पाठवायचं म्हणतात.

"कशाला एवढं? तिच्यात काही नाही," मी म्हटलं. "मी स्वतः बघितलं होतं."

"ते गावी जाण्याआधीचं... नाही, नंतरचं होतं. मला आठवतंय. पण चारच दिवसांत दिसलं नसेल तर? आक्का, तो गेला तेव्हापासून मी एकच हिशोब मांडतेय. इथून निघाला तेव्हा त्याला काही नव्हतं. तुमचाच रिपोर्ट आहे. तिकडे तर हे होतच नाही. मग राहिलं काय? त्या दिवशी शेतात उतरले ते दोघं. तो नको म्हणत होता, मुलीला झेपणार नाही म्हणत होता. हट्ट माझा होता. माझ्या फोनमध्ये फोटो आहेत त्याचे, चिखलात उभा, हसतोय. मी मारलं त्याला."

हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली की मला ओरडावंसं वाटलं. वर्षभर मी माझं दुःख कुरवाळत बसले होते आणि ही बाई बर्फाच्या देशात, माझं पाप स्वतःचं समजून, लेकीची डबी घेऊन दारोदार फिरत होती.

मी सांगितलं. मे महिना, वीस मिनिटं, आखूड तोंड, गोळ्या, सही. काही गाळलं नाही. त्याने लिहू नको म्हटलं तेही सांगितलं, पण ते सांगताना लाज वाटली, मेलेल्या माणसावर ढकलल्यासारखं. "त्या रानाचा काही दोष नाही, तुझाही नाही," मी म्हटलं. "तो इथून निघाला तेव्हाच ते त्याच्यात होतं. मी बघितलं होतं आणि लिहिलं नाही."

ती मला मारेल असं वाटलं. मला ते चाललं असतं. ती उठली, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत येऊन त्याच जागी बसली. आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"स्टेरॉइड सुरू करायच्या आधी तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं होतं. तुम्ही भारतातून आलात, कधी जंत निघाले होते का? मला केवढा अभिमान वाटला तेव्हा. मी फाइल नेलेलीच होती. तुमचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, आणि तरी त्याला परत विचारलं, कागद जुना आहे, तुम्हाला स्वतःला काही आठवतं का? तो पूर्ण शुद्धीत होता, आक्का. माझ्याकडे बघितलं त्याने. कागदाकडे बघितलं. म्हणाला, माझ्या बहिणीने स्वतः तपासलंय, तिची नजर कधी चुकत नाही. मग त्यांनी पुढे काही केलं नाही."

आतल्या खोलीत मुलीने कूस बदलली.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्याला वाटलं असेल, खरं सांगितलं तर तुमच्या सहीवर येईल. तुमची नोकरी जाईल. दुसरं काय असणार?"

मी उठून आत गेले आणि मुलीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. डॉक्टर बाईंनी त्याला विचारलं त्या दिवसाच्या आठ महिने आधीच आमची लॅब बंद झाली होती. साहेब थकले, जागा विकली, मी घरी बसले. भावाला कळलं असतं तर त्याने मला ओढून कॅनडाला नेलं असतं आणि मला त्या थंडीत जायचं नव्हतं. म्हणून फोनवर तो लॅब कशी आहे विचारायचा तेव्हा मी म्हणायचे, चाललंय की रोजचं.